ऑटोमॅटिक गाडी घेतलीय आणि पहिल्यांदाच घाट उतरायचाय? मग आधी हे वाचा

नवीन गाडी आली की पहिला लांबचा प्रवास बहुतेक वेळा घाटातलाच निघतो. गावी कोकणात जायचं असतं, नाहीतर महाबळेश्वर, नाहीतर गोवा, आणि देशावरून खाली उतरायचं म्हटलं की ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, आंबोली, चोर्ला असा कुठला ना कुठला घाट मध्ये येणारच. गेल्या काही वर्षांत माझ्या घरातल्या आणि ओळखीतल्या कितीतरी जणांनी ऑटोमॅटिक घेतली. बरेच जण आयुष्यात पहिल्यांदाच गाडी चालवायला लागले, आणि क्लच नाही म्हणून भीती कमी झाली ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण "डीमध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, टाका आणि विसरून जा" हे जे सगळे सांगतात ना, ते सपाट रस्त्यावर ठीक आहे. घाटात तेच वाक्य जिवावर बेतू शकतं.

मला हे कळलं ते महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना, आंबेनळी घाटात. माझी पहिली ऑटोमॅटिक, छोटी एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर मशीन बदलते), गाडीत आई-बाबा, बहीण, मागे डिकी गच्च भरलेली. डीमध्ये गाडी, पाय ब्रेकवर, वळण आलं की अजून दाबायचा, वळण गेलं तरी पाय काही ब्रेकवरून निघत नव्हता कारण सोडला की गाडी लगेच पळायला लागायची. मागून आई म्हणाली, "अगं, काहीतरी जळतंय बघ." मला वाटलं पुढच्या ट्रकचा वास असेल. दोन वळणं पुढे गेल्यावर ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खाली गेला, मऊ, जसं काही पायाखाली उशी आहे. कशीबशी प्रतापगड फाट्यापर्यंत, वाडा कुंभरोशीला आणून गाडी थांबवली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. टपरीवर एक वयस्कर एसटी ड्रायव्हर चहा पीत उभे होते, त्यांनी चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, गाडी गिअरवर उतरवायची असती, ब्रेकवर न्हाई."

पुढे जे काही लिहिलंय ते सगळं त्या एका वाक्याचंच आहे. गाडी गिअरवर उतरवायची. मॅन्युअलवाल्यांना हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणीतरी सांगितलेलं असतं, ऑटोमॅटिकवाल्यांना कुणी सांगतच नाही, कारण सगळ्यांना वाटतं की गिअर गाडी बघून घेईल.

आधी एक हिशोब बघा म्हणजे का ते पटेल. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर, पोलादपूर जवळपास कोकणच्या पातळीला. म्हणजे गाडी उभ्याने तेराशे मीटर खाली येते. माणसं-सामान धरून १३०० किलोची गाडी धरली तर या उतरण्यात जेवढी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते तेवढ्यात पन्नासेक लिटर थंड पाणी उकळी येईपर्यंत तापेल. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, पण उरलेली सगळी उष्णता जर तुम्ही फक्त ब्रेकवर टाकली तर ती त्या चार चाकांतल्या तळहाताएवढ्या पॅडमध्ये आणि डिस्कमध्येच जाणार. पॅड एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड कमी होते. आणि ब्रेक ऑइल तापून उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो पण पुढे जोर पोचवत नाही, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातो. माझ्या पायाखालची ती उशी म्हणजे बहुतेक हेच होतं.

घरीच, गाडी उभी असताना

तुमच्या गाडीत नक्की कुठला ऑटोमॅटिक आहे ते आधी माहीत करून घ्या. सेल्समनला विचारून नाही, गिअरच्या दांड्याकडे बघून आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून. दांड्यावर आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह), एम (मॅन्युअल, म्हणजे गिअर तुम्ही बदलायचे) असेल आणि पी (पार्क) नसेल तर बहुतेक एएमटी. म्हणजे आत साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करते. पी, आर, एन, डी असेल आणि पुढे एल (लो), एस (स्पोर्ट) किंवा बी (ब्रेक) असेल तर बऱ्याचदा सीव्हीटी, ज्यात पट्ट्यावर चालणारा गिअर असतो आणि ठराविक पायऱ्या नसतात. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून जोर पुढे देणारा, असेल तर पी असतोच आणि बहुतेक वेळा एम किंवा स्टिअरिंगमागे पॅडल (बोटांनी गिअर बदलायच्या पट्ट्या) असतात, जुन्या चार गिअरवाल्यांत २ आणि एल अशा खुणा असायच्या. डीसीटी म्हणजे दोन क्लचवाला, हा बाहेरून टॉर्क कन्व्हर्टरसारखाच दिसतो पण आत क्लच आहेत हे लक्षात ठेवा, पुढे चढावर त्याचा संबंध येणार आहे.

नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. एवढंच शोधा: खालचा गिअर पकडून ठेवायला माझ्या गाडीत काय आहे? एम आहे, पॅडल आहे, एल आहे, एस आहे की बी आहे. काहीतरी असतंच. एममध्ये प्लस-मायनस कुठल्या बाजूला ते हाताने करून बघा, कारण काही गाड्यांत प्लस पुढे ढकलून होतो आणि काहींत मागे ओढून, आणि उतारावर वळणात उलटं झालं तर गाडी आवरायच्या ऐवजी सुटते.

हॅन्डब्रेक दांड्याचा आहे की बटणाचा तेही बघा. बटणाचा असेल तर चालत्या गाडीत ते बटण धरून ठेवलं की काय होतं ते पुस्तकात वाचून ठेवा. बहुतेक गाड्यांत धरून ठेवलं की गाडी स्वतः सावकाश ब्रेक लावत थांबते आणि सोडलं की ब्रेक सुटतो, म्हणजे हा तुमचा शेवटचा आधार आहे आणि तो कुठे आहे हे न बघता हाताला माहीत हवं.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट नीट अडकवलंय ना, डबल मॅट टाकलेलं नाही ना, सीटखाली पाण्याची बाटली नाही ना, हे पण आत्ताच बघा. उतारावर बाटली घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते. आमच्याकडे बाटली दाराच्या कप्प्यातच ठेवायची असा नियम आहे, मुलांनासुद्धा.

ब्रेक ऑइल कधी बदललंय ते सर्व्हिस बुकमध्ये बघा. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि ओल आत गेली की लवकर उकळतं. डॉट ४ (डब्यावर लिहिलेला ब्रेक ऑइलचा प्रकार) नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, ओल शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ तर २०५ वरून १४० वर. आपल्या कोकणपट्टीतली दमट हवा बघता दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी कमी फिरली असली तरी, कारण ऑइल किलोमीटरवर नाही, काळावर खराब होतं.

डाव्या पायाचं काय करायचं

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. डावा पाय बाजूच्या फुटरेस्टवर ठेवा आणि तिथेच राहू द्या. घाटात अचानक समोर बस आली की डावा पाय सवयीने क्लच शोधायला जातो, त्याला सापडतो ब्रेक आणि तो क्लचच्या ताकदीने दाबला जातो, मग मागचा माणूस येऊन धडकतो. ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच पायाने. माझ्या वहिनीला मी पहिले दोन आठवडे डावा बूट काढून बसायला सांगितलं होतं, पाय हलला की तिचं तिलाच जाणवायचं.

घाटात जाण्याआधी सराव

पहिला सराव सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर, कुणी नसताना. दुसरा एखाद्या छोट्या घाटात, पुण्यातल्यांसाठी कात्रजचा जुना घाट सकाळी लवकर बरा पडतो. तिथे तीन गोष्टी करून बघा: चढावर थांबून परत निघणं, उतारावर डीमधून एममध्ये येऊन दुसरा गिअर पकडणं, आणि हॅन्डब्रेकवर गाडी उभी राहते का ते. ही शेवटची तपासणी बरेच जण करतच नाहीत. साध्या चढावर हॅन्डब्रेक ओढून ब्रेकवरचा पाय हळूच उचला, गाडी सरकली तर आधी गॅरेज आणि मगच घाट.

चढताना

चढताना जीव कमी धोक्यात असतो पण गिअरबॉक्सचे हाल जास्त होतात. इथे एकच चूक आहे जी जवळपास प्रत्येक नवीन माणूस करतो: चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की ब्रेक न दाबता थोडी थोडी रेस देऊन गाडी जागच्या जागी धरून ठेवायची. बाहेरून दिसायला छान वाटतं, गाडी पुढेही नाही आणि मागेही नाही. आत मात्र एएमटीचा आणि डीसीटीचा क्लच सतत घासत असतो आणि पाच-दहा मिनिटांत जळका वास सुटतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लच घासत नाही पण ऑइल तापतं. थांबायचं म्हणजे ब्रेक दाबून थांबायचं, विषय संपला. जास्त वेळ लागणार असेल तर हॅन्डब्रेक ओढून एनला.

परत निघताना काय करायचं ते तुमच्या गाडीत हिल होल्ड आहे की नाही यावर आहे. असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवली जाते, तेवढ्या वेळात पाय रेसवर जायला हवा, आणि ही दोन सेकंदं कमी नाहीत, घाई करू नका. पण या होल्डवर विसंबून मोबाईल बघायचा, पाणी प्यायचं, असं काही नाही, दोन सेकंदांनी तो सुटतोच. ऑटो होल्डचं बटण असेल तर ते वेगळं, ते जास्त वेळ धरतं आणि रेस दिली की सुटतं, जाममध्ये फार उपयोगी आहे.

हिल होल्ड नसेल, जुनी एएमटी असेल, तर हॅन्डब्रेकची पद्धत वापरा. ब्रेक दाबलेला, हॅन्डब्रेक वर ओढलेला, गाडी डीमध्ये. आता पाय ब्रेकवरून काढून हलकी रेस द्या. एएमटीला क्लच जोडायला क्षणभर लागतो, त्या क्षणात घाबरून जास्त रेस देऊ नका. गाडीचं नाक किंचित उचललं जातं, मागे बसलेल्यांनाही ते जाणवतं, तेव्हा हॅन्डब्रेक सावकाश सोडा. गाडी एक इंचही मागे येत नाही. नेरळहून माथेरानला दस्तुरी नाक्यापर्यंत स्वतःची गाडी नेणार असाल तर हे शंभर टक्के यायला हवं, तो रस्ता लांबीला फार नाही पण चढ इतका खडा आणि वळणं इतकी आवळ की सुट्टीच्या दिवशी एखादी तरी नवीन ऑटोमॅटिक बॉनेट उघडून बाजूला उभी दिसते. खात्री नसेल तर नेरळला गाडी लावून तिथल्या टॅक्सीने जा, त्यात कमीपणा काहीच नाही.

चढावर डीमध्ये गिअर सारखे दुसरा-तिसरा-दुसरा असे बदलत राहिले, गाडी झटके देत राहिली तर एममध्ये टाकून दुसऱ्यावर ठेवा. आवाज वाढेल, वाढू द्या.

पुढच्या गाडीपासून निदान एक गाडीभर अंतर ठेवा. मालाने भरलेला ट्रक आणि भरलेली एसटी चढावर निघताना थोडी मागे येतेच. आणि जाममध्ये इंच इंच पुढे जाऊ नका, पुढे चार-पाच गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या मग एका दमात जा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

क्लचचा वास आला किंवा मीटरवर गिअरबॉक्स तापल्याची खूण आली तर बाजूला घ्या, हॅन्डब्रेक, पी नाहीतर एन, इंजिन चालू ठेवून एसी बंद, आणि पंधरा-वीस मिनिटं शांत बसा.

उतरताना

आता मुख्य काम. उतार सुरू व्हायच्या आधी, वरच्या शेवटच्या सपाटीवरच गिअर खाली घ्यायचा. वेग ३०-३५ वर आणा, मग दांडा एममध्ये आणि मायनस करत दुसऱ्यावर. पॅडल असतील तर डावं पॅडल, तेच मायनस. सीव्हीटी असेल तर एस, एल किंवा बी. उतार सुरू झाल्यावर, वेग वाढल्यावर करायला गेलात तर बऱ्याचदा गाडी ऐकतच नाही, इंजिन जास्त फिरेल म्हणून कॉम्प्युटर खालचा गिअर नाकारतो, आणि तेव्हा तुमच्याकडे पुन्हा फक्त ब्रेक उरतो.

गाडी हे आपोआप का करत नाही असं सगळे विचारतात. कारण गाडीला पुढचा रस्ता दिसत नाही. तुम्ही रेसवरून पाय काढला, वेग वाढतोय, म्हणजे मोकळा रस्ता आहे असं समजून साधा गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो, म्हणजे नेमकं जे नको तेच. काही गाड्यांना उतार कळतो आणि त्या गिअर थोडा धरतात, पण पुढे तीन वळणांनंतर एसटी उभी आहे हे कुठल्याच गिअरबॉक्सला कळत नाही, ते तुम्हालाच कळतं. म्हणून गिअर तुम्ही सांगायचा.

कुठला गिअर ते कसं ठरवायचं? ट्रकवाल्यांचा जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. वळणावळणाच्या घाटात बहुतेक वेळा दुसरा, बोरघाटासारख्या रुंद रस्त्यावर तिसरा, माथेरानसारख्या ठिकाणी चक्क पहिला. परीक्षा सोपी आहे: रेस आणि ब्रेक दोन्हीवरून पाय काढा आणि मनात पाचपर्यंत मोजा. गाडी आहे त्याच वेगाने चालली किंवा किंचितच वाढली तर गिअर बरोबर. भसकन पळाली तर अजून एक गिअर खाली.

इंजिनचा आवाज वाढेल आणि नवीन माणूस घाबरून वरचा गिअर टाकतो. नका टाकू. आरपीएम तीन-साडेतीन हजारावर गेला तरी पेट्रोल इंजिनला काही होत नाही, लाल पट्टा त्याच्या बऱ्याच वर असतो. आणि पेट्रोलही जास्त जळत नाही, उलट आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंजिनला इंधन जाणंच थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात, आणि ते फिरवायला जो जोर लागतो तोच तुमची गाडी मागे धरून ठेवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे "उतारावर न्यूट्रल टाकली की पेट्रोल वाचतं" हे जे कुणी काका सांगतात ते पूर्वीच्या कार्बोरेटरच्या जमान्यातलं आहे. उतारावर एन कधीच नाही, आणि इंजिन बंद तर अजिबातच नाही. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्लीची गाडी असेल तर किल्ली निघाल्यावर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

मग ब्रेक वापरायचा कधी? गिअर गाडी धरतो, ब्रेक वेग कमी करतो, असं समजा. तुम्हाला ३० चा वेग हवाय. गाडी हळूहळू ३५ पर्यंत जाऊ द्या, मग ब्रेक नीट दाबून २५ वर आणा आणि पाय पूर्ण उचला. परत ३५ होईपर्यंत ब्रेकला हवा लागते, तो गार होतो. पाय हलकासा ब्रेकवर टेकवून पूर्ण घाट उतरणं, जे मी आंबेनळीत केलं, तेच सगळ्यात वाईट, कारण ब्रेकला श्वास घ्यायला क्षणभरही मिळत नाही.

वळणाचं असं: वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करायचा, गिअर बदलायचा असेल तर तोही आधीच, वळणात गाडी नुसती वळवायची, आणि गाडी सरळ होत आली की पुढचं बघायचं. वळणाच्या मध्यात मायनस दाबला तर चाकांना झटका बसतो आणि ओल्या रस्त्यावर तो झटका घसरायला पुरेसा असतो. आंधळ्या वळणावर हॉर्न, रात्री डिपर, आणि आपली बाजू सोडायची नाही. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नुसता शिष्टाचार नाही, २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमांत तसं आहे. कारणही साधं आहे, खालून भरून आलेला ट्रक एकदा थांबला की परत उचलणं त्याला फार अवघड जातं.

क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) घाटात बंद. हिल डिसेंट कंट्रोल असेल तर ते कच्च्या, खूप खड्या आणि निसरड्या रस्त्यावर अगदी सावकाश उतरायला आहे, ते स्वतः ब्रेकच वापरतं, त्यामुळे वीस-तीस किलोमीटरच्या डांबरी घाटासाठी ते नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी रीजन (रेस सोडल्यावर मोटरच गाडी मागे धरते ते) जास्तीत जास्तवर ठेवावं, तेच तुमचं इंजिन ब्रेकिंग आणि वर बॅटरी भरते ते वेगळं. फक्त वरच्या हॉटेलवर रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के भरून उतरायला लागू नका, भरलेल्या बॅटरीत अजून वीज जायला जागा नसते, मग रीजन कमी होतं आणि गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. ८०-८५ वर काढून घ्या. हायब्रिडचंही थोडंफार असंच, तिथे बी वापरा.

पावसात हे सगळं तेच, फक्त दहाने कमी वेगात आणि दुप्पट अंतर ठेवून. ताम्हिणीत नाहीतर आंबोलीत धबधब्याचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं, त्यातून गेलात की ब्रेक एक-दोनदा हलका दाबून कोरडा करून घ्या. धुकं असेल तर हेडलाइट लोवर, हायवर ठेवला तर समोर पांढरी भिंत दिसते.

वास आला, पेडल मऊ लागला, किंवा ब्रेक लागलाच नाही तर

वास आला म्हणजे गाडी तुम्हाला वेळेत सांगतेय. पहिली रुंद जागा दिसली की थांबा, वळणावर नाही. अर्धा तास तरी द्या, चहा घ्या, फोटो काढा, काहीही करा पण लगेच निघू नका.

पेडल मऊ लागला तर तो भराभर तीन-चार वेळा पंप करा, बऱ्याचदा थोडा दाब परत येतो. त्याच वेळी मायनस, मायनस, एकेक गिअर खाली, गाडी घेईल तसा. चारही इंडिकेटर चालू, हॉर्नवर हात. दांड्याचा हॅन्डब्रेक असेल तर त्याचं बटण अंगठ्याने दाबून धरूनच थोडा थोडा ओढा आणि सोडा, एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते. बटणाचा असेल तर ओढून धरून ठेवा. आणि तरीही थांबत नसेल तर दरीकडे नाही, डोंगराकडे. डोंगराच्या बाजूची माती, चर, झुडपं, तिकडे गाडी तिरकी घासत न्यायची. पत्रा जाईल, माणसं राहतील. चालत्या गाडीत पी टाकायचा प्रयत्न करू नका, त्याने गाडी थांबत नाही.

घाटात गाडी लावताना

पी म्हणजे आत एका दातेरी चाकात अडकणारा छोटा लोखंडी खटका. सगळ्या गाडीचं वजन त्याच्यावर टाकलं तर निघताना दांडा निघत नाही, ओढला की ठाककन आवाज येतो. म्हणून क्रम असा: ब्रेक दाबा, एन, हॅन्डब्रेक ओढा, मग ब्रेकवरचा पाय हळूच सैल सोडा म्हणजे गाडी किंचित हलून हॅन्डब्रेकवर बसते, आणि मगच परत ब्रेक दाबून पी. निघताना ब्रेक दाबून आधी गिअर, हॅन्डब्रेक शेवटी.

एएमटीत पी नाही, म्हणून तिथे गाडी न्यूट्रलला सोडून जाऊ नका. हॅन्डब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करा, चढाच्या दिशेने नाक असेल तर पुढे जायचा गिअर, उताराकडे असेल तर आर. तुमच्या पुस्तकात नेमकं कसं सांगितलंय ते बघा, आणि मीटरवर गिअर लागल्याचं दिसतंय ना ते बंद करायच्या आधी वाचा.

स्टिअरिंग असं वळवा की गाडी सुटलीच तर डोंगराला जाऊन टेकेल. चाकामागे दगड लावा, उताराच्या बाजूने, आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. रस्त्यात सोडलेला दगड रात्री दुचाकीवाल्याच्या पुढच्या चाकाखाली येतो, आणि माझ्या गावचा एक मुलगा असाच पडून सहा महिने अंथरुणात होता.

खाली पोचल्यावर लगेच टपरीसमोर गाडी लावून हॅन्डब्रेक खेचू नका. ब्रेक तापलेले असतील तर दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता सावकाश चालवा, चाकांतून वारा गेला की ते बरेच गार होतात. आणि पोलादपूरला, माणगावला कुणीतरी बादली घेऊन येतं, "ताई, चाकावर पाणी मारू का, गार होईल." तो चांगल्या मनाने म्हणत असतो, पण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, आणि मग पुढचे कितीतरी महिने ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. त्याला नको म्हणा, त्याच बादलीतून हात-तोंड धुवा आणि चाकं आपोआप गार होऊ द्या.